दोन काठ्यांची झोळी

"अगं, अगं... हळू ना! चिडू नकोस गं राणी, झालंच, एकच मिनिट..."

गिरिजा वाटेतच थबकली. रविवारची सकाळ, डब्लिनपल्याडच्या कासलबार गावापासून पंधरा मिनिटांवरचं तळं, अंगावर पिठासारखा भुरभुरणारा पाऊस, ज्याला इथली माणसं कौतुकानं 'सॉफ्ट डे' म्हणतात. आणि लव्हाळ्याच्या पलीकडून चक्क मराठी! तेही असं लाडीगोडीचं.

तिनं मान उंचावली. काठावरच्या गवतात बाळाचे लंगोट बदलायची निळी गादी अंथरलेली होती आणि तिच्यावर छापलेली पिवळी बदकं रांगेनं चालली होती. म्हणजे बायको, बाळ आणि समजूत काढणारा नवरा. भांडण दिसतंय. आपण मागे फिरलेलं बरं, असं मनाशी ठरवून ती दोन पावलं पुढेच गेली.

लव्हाळ्यात, मांडीभर पाण्यात, एक उंच किडकिडीत तरुण उभा होता. अंगात छातीपर्यंतची रबरी विजार, चष्म्यावर थेंबांची जाळी, एका हातात कमानीसारखा वाकलेला रॉड, दुसऱ्या हातात जाळं. आणि त्या जाळ्यातून अर्धीअधिक बाहेर लोंबणारी, हिरव्या अंगावर पिवळट ठिपके ल्यालेली, तीन फुटी मासळी.

बायको नाही, बाळ नाही. राणी म्हणजे ही!

"जाळं लहान पडतंय," गिरिजा बोलून गेली.

तो दचकला. मासळीही दचकली. "तुम्ही मराठी...? बरं झालं! नाही म्हणजे, सॉरी, पण जरा हा रॉड धरता का? प्लीज?"

वेंगुर्ल्याची पोर ती. बूट काढायचंही सुचलं नाही, तशीच पाण्यात शिरली. पाणी असं गार, की पोटऱ्यांतून कळच निघाली. तिनं रॉड घेतला आणि सवयीनं दुसरा हात मासळीकडे नेला.

"हात ओला करा आधी! कोरडा हात लागला की अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. मग आजारी पडते ती."

"आम्ही तर राख लावून धरतो."

"कोण तुम्ही?"

"आम्ही... खाणारे!"

त्यानं तिच्याकडे असं पाहिलं, की गिरिजाला हसू आवरेना. मासळी दोन्ही हातांवर आडवी पेलून त्यानं ओल्या गादीवर, बदकांच्या मधोमध, ठेवली. लांब नाकाची पक्कड काढली.

"श्वास रोखा."

"कुणी? मी?"

"दोघांनी. आपल्याला श्वास घ्यावासा वाटला, की तिला पाण्यात न्यायची. वेगळं घड्याळ लागत नाही."

गिरिजानं श्वास रोखला. आधी ती मासळीकडे बघत होती... मग त्याच्या बोटांकडे... मग कपाळावरून ओघळून नाकाच्या शेंड्यावर टिकून राहिलेल्या एका थेंबाकडे. पक्कड एकदा वळली, गळ सुटला. पुढच्या क्षणी मासळी पाण्यात होती. शेपटीचं मूळ हलक्या हातानं धरून तो तिला नुसता धरून उभा राहिला. कल्ले उघडले, मिटले, उघडले. मग शेपटीनं एक हिसका दिला आणि तळ्यानं तिला पोटात घेतलं.

"सोडलीत?" गिरिजा किंचाळलीच. "कल्ले लालभडक, डोळा काचेसारखा. आठ माणसांचं जेवण सोडलंत तुम्ही!"

"पाईक म्हणतात ह्या माशाला. पन्नास सेंटिमीटरच्या वरचा मारायला इथे बंदी आहे. आणि..." त्यानं चष्मा पुसला, "मी शाकाहारी आहे."

गिरिजा त्या बदकांच्या गादीवर मटकन बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

त्याचं नाव देवदत्त. पुण्याचा. डब्लिनच्या एका कंपनीचं काम घरी बसून लॅपटॉपवर करायचा. तिकडचं भाडं झेपत नाही म्हणून इकडे आला, तर इथलं भाडंही निम्मा पगार गिळून बसलं. शेजारच्या नोएल नावाच्या म्हाताऱ्यानं त्याला पाईक पकडायला शिकवलं, आणि लेकीकडे पोर्टलीशला राहायला जाताना आपला रॉड त्याच्या दारात ठेवून गेला. रॉड राहिला, पण मदतीचे दोन हात गेले.

"बाकी सगळं जुगाड," देवदत्त म्हणाला. "पक्कड चॅरिटी शॉपमधली, गादी बाळांच्या दुकानातली, मोजायला शिंप्याची टेप. गळाचे उलटे काटे पकडीनं चेपून टाकायचे, त्याला काही पैसे पडत नाहीत. फक्त दोऱ्यात कंजुषी नाही. बारीक दोऱ्यानं तासभर खेळवत बसलं, तर ती दमूनच मरते. मग सोडून काय उपयोग?"

"आणि जाळं?"

"हं... जाळं." त्यानं लाजून ते पाठीमागे लपवलं. "मऊ, बिनगाठीचं मोठं जाळं फार महाग आहे हो. ह्या गाठींनी पंख फाटतात तिचे, कळतं मला."

गिरिजा कासलबारच्या एका कारखान्यात हृदयात घालायच्या नळ्या तपासायची. दिवसभर एकच काम, कुठे खरखर नाही ना, कुठे टोक राहिलं नाही ना, ते बघायचं. तिचं कंत्राट नोव्हेंबरअखेर संपणार होतं. पुढे कुठे, ते ठाऊक नव्हतं. पण पुढच्या रविवारी कुठे, हे मात्र तिला त्या सकाळीच ठाऊक झालं.

मग ऑक्टोबरात वादळ आलं. इथे वादळानंतर ढग आधी नाहीसे होत नाहीत, अंगणातली पोरांची उड्या मारायची ट्रॅम्पोलिनं होतात. गिरिजाच्या घरमालकीणबाई नूला यांच्या नातवंडांचं ट्रॅम्पोलिन कुंपणावरून उडून थेट गिरिजाच्या खिडकीखाली येऊन पडलं, तंगड्या वर करून, मेलेल्या कोळ्यासारखं.

"टाकूनच द्यायचंय गं आता ते," नूला हताशपणे म्हणाल्या.

गिरिजानं त्याच्या भोवतीचं काळं जाळं बोटांत धरून पाहिलं. मऊ. एकही गाठ नाही. हाताला कुठे खरखर नाही. आणि तिला एकदम मावशीच्या घरची तुळईला टांगलेली झोळी आठवली. झोपलेलं बाळ जिच्या पोटात आपोआप सरळ होतं, ना मुडपतं, ना घसरतं.

दोन झाडूंचे लांब दांडे, मधे जाळं, दोन्ही कडांना दुहेरी टाके. रविवारी तिनं ती गुंडाळी देवदत्तसमोर उलगडली. एव्हाना 'अहो'चं 'अरे' झालं होतं.

"हे काय?"

"झोळी. तुझ्या राणीसाठी. पाण्यातच उघडून धरायची, ती आत आली की दांडे मिटायचे. उचलायलाच नको, पाण्यातल्या पाण्यात गळ काढ."

देवदत्त बराच वेळ टाक्यांवरून बोट फिरवत राहिला. "कसली भारी आहे गं! पण... एकानं रॉड सांभाळायचा तर हिला धरायला दुसरं माणूस लागणार. दर वेळी."

"मग?" गिरिजा पाण्याकडे बघत म्हणाली. "आहे की."

तेव्हापासून रविवार म्हणजे तळं. नूलाच्या नवऱ्याची जुनी रबरी विजार अंगात घालून गिरिजा पाण्यात उभी राहायची. तीत आणखी एक गिरिजा सहज मावली असती. तो थालीपीठ आणायचा, ती बांगड्याचं तिखलं. "तू वाऱ्याच्या खालच्या बाजूला बस, वास येतो त्याचा," तो म्हणायचा, आणि मग थर्मासमधला चहा द्यायच्या निमित्तानं स्वतःच तिच्या शेजारी येऊन बसायचा. मासळी लागेना, की गिरिजा गुणगुणायची. आजीच्या चालीवर, शब्द मात्र स्वतःचे:

तळ्याच्या गं काठी, धरल्या दोन काठी
मासळीच्यासाठी, झोळी बाई...

फोनवर आईला सांगितलं, तर आई काळजीत पडली. "धरता नि सोडता? डोक्यान बरो आसा मां तो?"

"बरा आहे गं," गिरिजा म्हणाली, आणि ते म्हणताना आपण इतकं का हसलो, ते तिचं तिलाच कळलं.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात साहेबांनी तिला बोलावलं. केरी परगण्यात, ट्रलीजवळच्या कारखान्यात कायमची जागा. सोमवारी सकाळपर्यंत उत्तर द्यायचं. कासलबारहून ट्रली म्हणजे चांगला चार तासांचा रस्ता. तिनं जिन्यातूनच देवदत्तला फोन लावला.

पलीकडून आवाज आला, "अरे वा! अभिनंदन! ग्रँड."

ग्रँड! पाऊस पडला तरी ग्रँड, चहा गार झाला तरी ग्रँड. इथला हा शब्द गिरिजाला आवडायचा. त्या दिवशी मात्र तो तिला माशाच्या काट्यासारखा टोचला.

रविवारी ती गेली, पण विजारीचे पट्टे रागारागानं आवळत. थालीपीठ तसंच डब्यात. पाऊस धड पडेना, धड थांबेना. आणि अकराच्या सुमाराला रॉड असा वाकला, की देवदत्तचा आवाजच बदलला.

"गिरिजा... झोळी."

ती कमरेपर्यंत पाण्यात शिरली. दांडे उघडले, जाळं पाण्याखाली पसरलं. जाड दोऱ्यानं देवदत्त घाई न करता, पण ढिलाईही न देता तिला आणत होता. आधी पाण्यावर एक भोवरा उठला... मग एक पाठ दिसली, लांब, शेवाळी, संपतच नाही अशी.

"बाई गं," गिरिजा पुटपुटली.

"बाईच. एवढी मोठी झालेली सगळी बाईमाणसंच असतात ह्यांच्यात. ये गं, ये राणी. आता!"

मासळी झोळीत शिरली, गिरिजानं दांडे मिटले. देवदत्तनं रॉड काठावर टेकवला, हात पाण्यात बुडवले, पक्कड चालवली. गळ एका वळशात बाहेर. टेप लावली तर एकशे बारा सेंटिमीटर! त्याचा आजवरचा सगळ्यात मोठा पाईक. फोटोसाठी बाहेर काढावी असं दोघांच्याही मनात आलं नाही. बाई दमली होती. दांडे जरा सैल केले, तर एका कुशीवर कलायला लागली.

"थांबू या," तो म्हणाला आणि एक दांडा त्यानं हातात घेतला. दुसरा तिच्याकडे. मधे मासळी. आता तिला बळ येईपर्यंत दोघांनाही कुठे जाता येणार नव्हतं.

"उद्या उत्तर द्यायचंय मला," गिरिजा पाण्याला म्हणाली.

"हो. दे ना. चांगली संधी आहे."

"एवढंच?"

"मी अडवणार नाही तुला." त्यानं मान वर केली नाही. "निघालेल्याला... धरून ठेवायचं नसतं."

"मी पाईक आहे?"

"तसं नाही गं—"

"आणि असले ना, तरी नियम काय तुझा? पाण्यात आणल्या आणल्या हात काढून घ्यायचा? की थांबायचं? हिच्यासाठी थांबलायस बघ, गुडघे गोठेपर्यंत! मला तर तू हात लावायच्या आधीच सोडून मोकळा झालास. ग्रँड म्हणे!"

झोळीतले कल्ले हलत होते. उघड... मीट... उघड. पावसाचे बारीक वळसे पाण्यावर उमटत होते.

"मी विचारणार होतो," देवदत्त हळूच म्हणाला.

"काय?"

"मी येऊ का, म्हणून. ट्रलीला. माझं ऑफिस लॅपटॉपएवढंच आहे. पण फोनवर तू एकदाही 'चल' म्हणाली नाहीस. वाटलं, सुटायचंय तुला."

गिरिजानं मान वर केली. "मी मुद्दामच नाही म्हटलं, वेड्या! मी शोधलं होतं. तिकडच्या तळ्यांत पाईक नाहीत म्हणे. ट्राउट आहेत, सॅमन आहेत... तुझी राणी नाही. आठवडाभर रविवारची वाट बघणाऱ्या माणसाला तिथे नेऊन नुसता काठावर बसवू?"

तो चष्म्याआडून हसायला लागला. "मला माहीत होतं ते. नोएल म्हणायचा, केरीला जाणारा माणूस पाईकसाठी जात नाही."

"मग... कशासाठी जातो?"

त्यानं मोकळा हात पाण्यात बुडवला, बाहेर काढला आणि अगदी बेतानं तिच्या हातावर ठेवला.

"हात ओला केलाय आधी," तो म्हणाला.

गिरिजानं श्वास रोखला. ह्या खेपेला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि त्याच क्षणी बाईसाहेबांना ताकद आली! शेपटीचा असा फटकारा बसला, की दोघं डोक्यापासून चिंब. झोळी उलटीपालटी, पाण्यात एक हिरवी रेघ खोल खोल जाताना दिसली आणि पुसली. देवदत्त आंधळ्यासारखा चाचपडत होता. गिरिजानं दांडे उचलले, तर जाळ्याच्या पोटात, बाळासारखा निवांत, त्याचा चष्मा.

"घे तुझा मासा," तिनं तो त्याच्या नाकावर चढवला. हात जरा जास्तच वेळ त्याच्या कानापाशी राहिला. "आता नीट बघ, आणि नीट विचार."

"येऊ का तुझ्याबरोबर? कायमचा?"

"ये," ती म्हणाली. "पण तिकडे समुद्र आहे. म्हणजे बांगडे आहेत. मी पकडणार, आणि सोडणार नाही."

देवदत्तच्या तोंडावर सगळी सदाशिव पेठ उभी राहिली. "निम्मे तरी सोडू या?"

"...बरं. निम्मे."

झोळीत बदकांची गादी, थर्मास आणि थालीपीठाचा डबा घालून ती दोघं गाडीकडे निघाली. एक टोक तिच्या खांद्यावर, एक त्याच्या. बुटांत पाणी चुबुकचुबुक वाजत होतं. गिरिजा गुणगुणायला लागली, आणि दुसऱ्या ओळीच्या शेवटाला मागून एक बेसूर पण अगदी वेळेवर आलेला आवाज मिसळला: "झोळी बाई..."