आईच्या आवाजाची उलटी लाट

"मिहू, दूध संपव."

मिहू फरशीवर मांडी घालून ठोकळे रचत होती. दुधाच्या पेल्यावर साय धरली होती.

"मिहू, दूध. मिहिका! मी तुझ्याशी बोलतेय."

मनोरा आणखी एका मजल्याने वाढला.

नागपूरच्या ध्वनिशुद्धी प्रयोगशाळेतल्या मुलांच्या खोलीत निशिगंधा वैरागडेने कपाळावर हात मारून घेतला. कमी ऐकू येणाऱ्या मुलांच्या कानातला गोंगाट काढून शब्द तेवढे लख्ख पोचवणारी 'कर्णिका' तिने घडवली होती. देशभरातून लोक ती बघायला येत होते. आणि तीच कर्णिका घातलेली तिची चार वर्षांची लेक आईच्या एका शब्दाला दाद देत नव्हती.

"हट्ट असेल गं," दारातून कुंदाताई तिजारे म्हणाल्या. लहान मुलांचे कान तपासण्यात त्यांचा जन्म गेला होता. "या वयाचं कोणतं पोरगं आईचं ऐकतं?"

"हट्टी पोर निदान पाठ फिरवते हो, कुंदाताई! हिला पत्ताच नसतो मी बोलल्याचा. तुम्ही सांगून बघा."

"मिहू, दूध संपव बरं," कुंदाताई अगदी हळू म्हणाल्या.

मिहूने वळून पेला उचलला आणि घटाघटा रिकामा केला. वर ओठावरची मिशीही पुसली.

"बघा!" निशिगंधाच्या आवाजात रडू आणि संताप एकाच वेळी आले. "काल इमारतीच्या खाली एक गाडी रिव्हर्स येत होती आणि ही तिच्या वाटेत चालली होती. मी 'थांब, थांब' म्हणून किंचाळले. ही चालतच राहिली. वॉचमन ओरडला तेव्हा थांबली. आज कारण सापडलं तर ठीक, नाहीतर मी ही कर्णिका काढून टाकणार आहे."

"आणि जुनं यंत्र लावणार? लग्नाच्या हॉलमध्ये कानांवर हात ठेवून टेबलाखाली बसायची ती, विसरलीस?"

निशिगंधा विसरली नव्हती. जुनी यंत्रं गाळणीसारखी होती. कूलरची घरघर गाळताना शब्दांची टोकंही गळून जात. 'पाच' आणि 'पास' सारखेच वाटत. मिहू दिवसभर अर्धवट शब्द जुळवत बसायची आणि संध्याकाळपर्यंत दमून चिडायची.

दोघी काचेपलीकडच्या खोलीत आल्या. निशिगंधाने कर्णिकेतली नोंद पडद्यावर घेतली.

"मला कानातलं कळतं, तुझ्या लाटांमधलं नाही," कुंदाताई म्हणाल्या. "सोपं करून सांग."

"कर्णिका काही गाळत नाही. गोंगाटाच्या लाटेवर ती नेमकी उलटी लाट सोडते. तिथे उंचवटा असेल तर इथे खळगा. दोन्ही मिळून सपाट. शब्दाला धक्का लागत नाही, म्हणून तो स्वच्छ राहतो. पण उलटी लाट वेळेवर हवी. आवाज ऐकून मग बनवायला घेतली तर उशीर होतो. म्हणून पुढचा आवाज कसा येणार, ते कर्णिका आधीच ओळखून ठेवते."

"आणि गोंगाट कोणता, हे कोण ठरवतं?"

"मूलच. ज्या आवाजाला मूल सतत दाद देत नाही, तो गोंगाट. हा नियम माझाच. केवढं कौतुक झालं होतं त्याचं!"

पडद्यावर खोडलेल्या आवाजांच्या पट्ट्या उमटल्या. पहिली कूलरची. दुसरी मिक्सरची. तिसरी शेजारच्या घरातल्या मालिकेची. चौथी सगळ्यांत जाड होती. निशिगंधाने ती वाजवली.

'हात धुतलेस का? पाय खाली घे. थांब, थांब. दूध संपव. मिहू, दूध. मिहिका, मी तुझ्याशी बोलतेय.'

कुंदाताईंना हसू आवरेना.

"हसू नका हो! कूलर ठीक आहे, पण माणसाचं बोलणं आधीच कसं ओळखेल यंत्र?"

"बाहेर निघताना तू काय म्हणतेस?"

"चप्पल घाल."

"मग?"

"मिहू, चप्पल."

"मग?"

"मिहिका! मी तुझ्याशी..." निशिगंधाने जीभ चावली.

"कूलर तरी मधूनमधून खडखड करतो," कुंदाताई म्हणाल्या. मग त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "अगं, वाईट काय वाटून घेऊन राहिली? पोरं त्याच आवाजाकडे दुर्लक्ष करतात ज्याची त्यांना खात्री असते. तू कुठे जाणार नाहीस, हे तिला पक्कं माहीत आहे. यंत्राला एवढं कुठून कळणार?"

"मग माझा आवाज पुसून काढते त्यातून."

"जमेल?"

"नाही," निशिगंधा चरफडली. "सगळं शिकलेलं एकात एक विणलंय. पुसायचं तर पार कोरं करावं लागेल. पुन्हा तोच गोंगाट, पुन्हा ते टेबलाखाली बसणं."

"मग सवय मोड. तिच्याजवळ राहा, पण बोलू नकोस. आवाज येईनासा झाला की यंत्र त्याला आपोआप विसरेल."

"किती दिवस?"

"मला काय माहीत? सुरू तर कर. घरी निघायची वेळ झालीच आहे."

निशिगंधा मुलांच्या खोलीत गेली. मिहूच्या छोट्या चपला तिने नेहमीसारख्या समोर टपटप मांडल्या आणि उभी राहिली. शब्द जिभेवर आले. तिने ते गिळले. मिहूने आणखी एक ठोकळा उचलला. निशिगंधाने ओठ इतके घट्ट मिटले की हनुवटी दुखायला लागली. आपल्याच लेकीपुढे दगडासारखं उभं राहायचं!

"घालते ना!" मिहू म्हणाली.

निशिगंधाने गर्रकन काचेकडे पाहिलं. कुंदाताईंनी मान हलवली. त्या बोलल्या नव्हत्या.

"ऐकलं गं, आई! एवढा ठोकळा ठेवते." आणि मिहूने मान वर करून सरळ तिच्याकडे पाहिलं.

निशिगंधा फरशीवर टेकली. उलटी लाट! उंचवट्याच्या जागी खळगा आला तरी कानाला फरक कळत नाही. एकटी ऐकली तर उलटी लाट सुलटीसारखीच ऐकू येते. कर्णिकेने चपलांची टपटप ओळखली, आईची पावलं ओळखली आणि पुढच्या वाक्याची लाट तयार ठेवली. आज खोडायला समोर आवाजच नव्हता. खोडणारी लाट तेवढी मिहूच्या कानात उतरली, आईच्याच आवाजात, वैतागासकट. आजवर असं घडलं नव्हतं, कारण मिहूजवळ असून निशिगंधा गप्प राहिली आहे, असंच कधी घडलं नव्हतं.

आणि मिहूने दाद दिली होती. एकदा नाही, दोनदा. नियमाप्रमाणे आता तो गोंगाट उरला नव्हता.

काचेपलीकडे कुंदाताई पडद्याकडे बोट दाखवत होत्या. चौथी पट्टी विरत चालली होती. 'बोल, बोल!' अशा त्या हातांनी खुणावत होत्या.

निशिगंधा गुडघ्यांवर लेकीसमोर सरकली. किती दिवसांचं बोलणं साचलं होतं. तिला काहीतरी छान बोलायचं होतं. तोंडातून निघालं ते भलतंच.

"मिहू, चप्पल घाल."

मिहूने ठोकळा खाली ठेवला आणि दोन्ही हात कमरेवर घेतले.

"किती वेळा सांगशील, आई? आत्ताच तर सांगितलंस!"

निशिगंधाने डोळे पुसले आणि पुन्हा एकदा सांगितलं.