बुंदी जेवत का नाही?

"खा ना गं! खा म्हणते ना!"

मैथिलीने बशी पुढे सरकवली. बशीत बांगडा होता, काटे काढून बोटांनी मऊ कुस्करलेला. बुंदीने नाक जवळ नेलं, एकदा हुंगलं, दोनदा हुंगलं, आणि समोर कुणी दगड ठेवला असावा तशी वळून पलंगाखाली निघून गेली.

आठ महिन्यांचं मांजर ते! पांढऱ्या अंगावर पिवळे ठिपके, म्हणून नाव बुंदी. गेल्या आठवड्यापर्यंत बांगडा दिसला की बशीसकट फस्त करायची. मग खाणं कमी कमी होत गेलं, आणि परवापासून तर एक घासही नाही. मैथिलीने लाडीगोडी लावली, ओरडून पाहिलं, रडून पाहिलं. काही उपयोग नाही.

सकाळी प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी दात पाहिले, ताप पाहिला, पोट दाबून पाहिलं. सगळं ठीक! "पण उद्यापर्यंत खाल्लं नाही, तर नळीने भरवावं लागेल," त्या म्हणाल्या. "उपाशी मांजराचं शरीर अंगातली चरबी भराभर यकृताकडे पाठवतं. (यकृत म्हणजे पोटातला तो अवयव, जो अन्न शरीराला वापरण्याजोगं करतो.) एवढी चरबी यकृताला झेपत नाही. ते बिघडलं की मांजर वाचवणं कठीण."

तेव्हापासून मैथिलीचं डोकं फिरलेलं होतं. आजार असता तर आजारावर चिडता आलं असतं. आता चिडायचं तरी कुणावर?

हे सन २०६४ मधलं अलिबाग बरं का. किनाऱ्यावर तीस मजली 'मेरुशिखर' सोसायटी उभी होती. बाहेर उन्हाळा असा भाजून काढणारा, की खिडक्या कायमच्या बंद. हवा यंत्रांतून आत यायची, यंत्रांतूनच बाहेर जायची. मैथिली आणि तिचे बाबा, हरेश तांडेल, एकोणिसाव्या मजल्यावर राहत. आई समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या जहाजावर महिनाभराच्या कामाला गेली होती.

दुपारी कुंदाआत्या आली. ही बाबांची थोरली बहीण, वासांचा अभ्यास करणारी शास्त्रज्ञ. आल्या आल्या ती दारातच थांबली.

"हरेश, घरात बांगडा आहे ना?"

"आहे की. बशीत."

"मग मला वास कसा नाही येत? मी कोळ्याची पोर आहे रे! तीन घरं पलीकडचा बांगडा ओळखते मी."

"गंधशोषक बसवलंय ना," मैथिली म्हणाली. "सोमवारी. सगळ्या घरांत." तिने भिंतीतली जमिनीलगतची जाळी दाखवली. बुंदीची बशी अगदी त्या जाळीला टेकून होती.

आत्याचा चेहरा लालबुंद झाला. "ही बशी इथे कुणी ठेवली?"

बाबा पुटपुटले, "मीच. वास बाहेर जायला नको म्हणून."

"शाब्बास! कमाल केलीस!" आत्या कडाडली. "हे यंत्र कुणी बनवलंय माहीत आहे? मी! दवाखान्यांसाठी! भाजलेल्या रुग्णांना जखमांच्या वासाने मळमळायचं, म्हणून बनवलं. स्वयंपाकघरात लावा असं मी कुणाला सांगितलं होतं?"

मैथिलीला काही कळेना. "पण आत्या, बुंदीच्या भुकेचा याच्याशी काय संबंध?"

आत्याने डब्यातून वेलची काढली, सोलली आणि दाणे तिच्या हातावर ठेवले. "नाक घट्ट दाब आणि चाव. कसली चव लागते?"

मैथिलीने चावलं. "काहीच नाही. भुसा खाल्ल्यासारखं वाटतंय."

"आता नाक सोड."

नाक सोडलं मात्र, तोंडभर वेलची पसरली! मैथिलीचे डोळे मोठे झाले.

"पाहिलंस? ज्याला आपण चव म्हणतो, त्यात निम्म्याहून जास्त काम नाकाचं असतं. बांगड्यातून सतत रेणू (पदार्थाचे अतिसूक्ष्म कण) सुटतात, हवेत उडतात. ते नाकातल्या गंधपेशींना (वास ओळखणाऱ्या पेशींना) लागले, की मेंदूला निरोप जातो: बांगडा आलाय, चल! आता मांजराचं ऐक. माणसाच्या जिभेवर हजारो रुचिकलिका (चव ओळखणाऱ्या पेशींचे बारीक झुबके) असतात. मांजराच्या जिभेवर जेमतेम काही शे. गोड तर त्याला कळतच नाही. म्हणून मांजर खायचं की नाही ते नाकाने ठरवतं. वास नाही, म्हणजे त्याच्या लेखी ते अन्नच नाही."

"आणि यंत्र ते रेणू खातं?"

"पकडून ठेवतं. आत सक्रिय कोळसा आहे, असंख्य बारीक भोकांचा खास कोळसा. पंखा हवा ओढतो आणि रेणू त्या भोकांत चिकटून बसतात. बशी जाळीला टेकलेली, म्हणजे बुंदीच्या नाकाआधी वास यंत्राच्या पोटात."

"मी बांगडा गरम करूनही दिला होता!"

"बरोबर केलंस. गरम पदार्थातून रेणू जास्त सुटतात. पण यंत्रात संवेदक (वास मोजणारा भाग) असतो. वास वाढला, की तो पंख्याचा जोर वाढवतो. तू जितकं गरम करशील, तितकं ते जास्त ओढणार. बशी दूर ठेवलीस, तरी खोलीभरातून ओढून घेणार."

मैथिलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाच दिवस बिचारं मांजर बशीपाशी येत होतं, आणि हिने त्यालाच नालायक ठरवलं होतं! तिने भिंतीवरचं बटण दाबून सोसायटीच्या यंत्रमानवाला बोलावलं. सेवक-चार त्याचं नाव.

"आमचं गंधशोषक बंद कर. आत्ताच्या आत्ता!"

"क्षमस्व," सेवक-चार गोड आवाजात म्हणाला. "सुक्या मासळीच्या वासाबद्दल तक्रार आल्याने सोसायटीने ठराव केला आहे. ठराव एकमताने मंजूर. सदनिका एकोणीसशे चार, श्रीयुत हरेश तांडेल, अनुकूल."

यंत्रमानव निघून गेला. मैथिली सावकाश बाबांकडे वळली.

"तुम्ही हो म्हणालात?"

"अगं, सगळ्यांनी हात वर केले होते. सगळे माझ्याकडेच बघत होते. मी एकटा नाही म्हणालो असतो, तर..."

"तर काय? आपण मासे खातो हे त्यांना कळलं असतं? ते माहीत आहेच त्यांना! तुम्हाला आपल्याच जेवणाची लाज वाटली, आणि उपाशी कोण? बुंदी! तिने काय केलं होतं तुमचं?"

बाबांनी मान खाली घातली.

"तिला बाहेर नेऊन भरवू या का?" बाबा हळूच म्हणाले.

"सेहेचाळीस अंशांत?" आत्या म्हणाली. "आणि आज नेशील. उद्याचं काय?"

बाबा उठून स्वयंपाकघरात गेले. परत आले ते मोठी परात आणि भिजवलेल्या कणकेचा गोळा घेऊन. ते जमिनीवर बसले, परात जाळीवर घट्ट दाबली आणि कडेने कणीक थापू लागले. एक फट राहिली होती, ती मैथिलीने बुजवली. तिचा राग काही गेला नव्हता. पण कणीक तिने नीट थापली.

पंख्याची घरघर परातीमागे दबली. आत्याने बांगडा कोमट केला आणि बशी जाळीपासून दूर, खोलीच्या मध्यावर ठेवली. हळूहळू तो वास घरभर पसरला. मैथिलीला एकदम जाणवलं, की आपल्यालाही कडकडून भूक लागली आहे.

पलंगाखालून आधी मिशा बाहेर आल्या, मग नाक. नाक थरथरत होतं. बुंदी पोट जमिनीला टेकवून, सावकाश बशीपर्यंत आली. हुंगलं. चाटलं. आणि मग गुरगुरत, मान वाकडी करून खायला लागली.

मैथिली तिच्या शेजारी बसली आणि इतका वेळ कोंडलेलं रडू ओक्साबोक्शी बाहेर पडलं.

दार वाजलं. सेवक-चार! "गंधशोषक झाकल्याचे आढळले. नियमभंगाच्या नोंदीत कोणाचे नाव लिहू?"

मैथिली डोळे पुसत उठली, पण बाबा तिच्या आधी दारात पोचले होते.

"हरेश तांडेल लिही. ठळक लिही," बाबा म्हणाले. त्यांचा एवढा मोठा आवाज मैथिलीने कधी ऐकला नव्हता. "आणि खाली हेही लिही, की आमच्या घरात मासे शिजतात आणि शिजत राहतील. ठरावाला माझा होकार मी मागे घेतोय. रविवारी सभा बोलवा. हे यंत्र भुकेचं काय करतं, ते माझी मुलगी सगळ्यांना सांगेल."

"नोंद केली," सेवक-चार म्हणाला. मग त्याच्या कपाळावरचा दिवा लुकलुकला. "सभेच्या विषयाशी जुळणारी माहिती सापडली. सोमवारपासून 'भूक लागत नाही' अशा अकरा तक्रारी आल्या आहेत. सात ज्येष्ठ नागरिक, चार लहान मुले."

आत्याने कपाळावर हात मारला. "अकरा! आणि सगळे औषधं घेत बसले असतील!"

"त्यांच्या घरांचे नंबर दे मला," मैथिली म्हणाली. "रविवारपर्यंत कशाला थांबायचं?" आणि वेलचीचा डबा उचलून ती लिफ्टकडे निघालीसुद्धा.