बोटभर ओळख

सोमवारी सकाळी ग्लेनिस आणि नेव्हिल गावात निघाले ते नेहमीच्याच कामांना. त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या होत्या, कोंबड्यांचं खाद्य आणायचं होतं, पोस्टात काही आलं असेल तर तेही. टेलिंगा हे गाव त्यांच्या घरापासून अठरा किलोमीटर. रस्ता मातीचा आणि असा सरळ, की नेव्हिल म्हणायचा, स्टिअरिंग नसतं तरी चाललं असतं. दोन्ही बाजूंना गहू, मध्येच मेंढ्या, आणि त्याही उन्हाला कंटाळलेल्या.

आमच्याकडे या रस्त्यावर एक रीत आहे. समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचा हात न काढता एक बोट वर करायचं. एकच. पूर्ण हात हलवला तर माणूस शहरातला समजावा, आणि बोटही उचललं नाही तर शिष्ट. कुंपणावरून कोर्टात गेलेले लोकसुद्धा बोट उचलतात. तेवढं पाळलं की बाकीचं चालून जातं.

तर चुनखडीच्या जुन्या खाणीपाशी नेव्हिलने बोट उचललं.

ग्लेनिस पर्समध्ये चष्मा शोधत होती. तिने मान वर केली तेव्हा रस्ता रिकामा होता. तिने वळून पाहिलं. मागेही कुणी नव्हतं.

"कोण होतं रे?"

"क्लेम."

"कोण क्लेम?"

"आता क्लेम आहेत किती आपल्याकडे?" नेव्हिल म्हणाला.

एकच होता, आणि तो मे महिन्यात वारला होता. चाळीस वर्षांचा शेजार. आमच्याकडे चार किलोमीटरवरच्यालाही शेजारीच म्हणतात. त्याची शवपेटी उचलणाऱ्यांत नेव्हिल पुढे उजवीकडे होता आणि नंतर आठवडाभर खांदा शेकत बसला होता.

ग्लेनिसने पर्स मिटली आणि ती नेव्हिलकडे बघत राहिली. नेव्हिलच्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. आधी ते नव्या कुत्र्याला जुन्या कुत्र्याच्या नावाने हाक मारायचे. मग बायकोलाच सिस्टर म्हणू लागले, भेटायची वेळ संपली का म्हणून विचारू लागले. इस्पितळामागच्या वृद्धाश्रमात सहा वर्षं काढली त्यांनी. ग्लेनिस दर रविवारी केक घेऊन जायची, आणि म्हातारा दर रविवारी तिला तिचं नाव विचारायचा. सासऱ्याचं तिने सोसलं. नेव्हिलने तिला नाव विचारलं तर मात्र तिला ते सोसवणार नव्हतं.

मंगळवारी ते दोघं बोल्सच्या, म्हणजे हिरवळीवर चेंडू घरंगळवायच्या खेळाच्या, क्लबात निघाले. या वेळी चष्मा डोळ्यांवर होता आणि नजर समोर. खाण आली. रस्त्यावर काहीही नव्हतं, साधा कावळाही नाही. नेव्हिलने बोट उचललं आणि वर हसलाही.

"आज खुशीत होता," तो म्हणाला.

"नेव्ह... क्लेम गेला ना रे?"

"ठाऊक आहे मला. मीच नाही का उचलला त्याला? पण माणूस गेला म्हणून काय ओळख दाखवायची नाही?"

बुधवारी तिने रक्तदाबाचं निमित्त करून त्याला डॉक्टरकडे नेलं. नवी डॉक्टरीण तरुण होती, पण सावकाश बोलणारी. तिने तारीख विचारली, शंभरातून सात-सात वजा करायला लावले, अकरा वाजून दहा मिनिटांचं घड्याळ काढायला सांगितलं. नेव्हिलने घड्याळ काढलं आणि विचारलं, "खाली कंपनीचं नाव पण घालू का?" डॉक्टरीण हसली.

"यांचं डोकं माझ्यापेक्षा चांगलं चालतंय," ती ग्लेनिसला म्हणाली. "रस्त्यावरचं म्हणाल तर ती सवय आहे. काळजी करू नका तुम्ही."

ग्लेनिस गाडीत बसून रडली. नेव्हिल गोंधळला. "पास झालो म्हणून रडतेस?" त्याने विचारलं. तिने बेकरीतून कस्टर्डच्या दोन मोठ्या वड्या घेतल्या, आणि दोघांनी त्या संध्याकाळी व्हरांड्यात बसून खाल्ल्या. अर्धी वडी हातात असताना तिच्या मनात आलं: याचं डोकं ठिकाणावर आहे. मग रस्त्यावर कोण आहे?

उरलेली वडी तिने कोंबड्यांना घातली.

गुरुवारी ती एकटी निघाली. गुरुवारी गावातल्या एकट्या म्हाताऱ्यांना जेवणाचे डबे पोचवायची पाळी त्या दोघांची असायची, पण विहिरीचा पंप बिघडला होता आणि नेव्हिल त्यात कोपरापर्यंत बुडाला होता. खाणीजवळ आल्यावर तिला समोर धूळ दिसली. गाडी येताना उठते तशी. धूळ जवळ आली. गाडी नव्हती. तिच्या काचेवर बारीक खडे टकटकले, आणि उघड्या खिडकीतून वास आत आला, ओल्या कुत्र्याचा आणि हाताने वळलेल्या सिगारेटचा. क्लेमच्या पिकअपला हाच वास होता.

तिची दहाही बोटं स्टिअरिंगला घट्ट धरून होती. तिने एकही उचललं नाही. मान ताठ ठेवून ती सरळ समोर बघत राहिली, आणि धूळ मागे गेली.

शेवटचा डबा बेरिलचा, म्हणजे क्लेमच्या बायकोचा होता. क्लेम गेल्यावर ती गावात एका खोलीत राहायला आली होती. टेबलावर तिने अजूनही दोन काटे मांडले होते.

"बेरिल, एक विचारू? क्लेमला कुणी बोट उचललं नाही तर...?"

बेरिल हसत सुटली. "अगं बाई, त्याला ते सहनच व्हायचं नाही. रस्ते खात्याचा एक माणूस तसाच निघून गेला, तर यानं पिकअप वळवली आणि थेट त्याच्या दारात. भांडायला नाही हं. 'माझं काय चुकलं' एवढंच विचारायला. चहा पिऊन, समेट करूनच परत आला." मग तिने ग्लेनिसच्या हातातल्या किल्लीकडे पाहिलं. "निघालीस इतक्यात?"

"निघते. उपाशी आहे सकाळपासून."

येताना तिने आयुष्यात चालवली नव्हती इतक्या जोरात गाडी चालवली. खाणीपासून घरापर्यंत प्रत्येक खांबाला तिने बोट उचललं. पलीकडून कुणीच आलं नाही.

भर दुपारचे दोन वाजले होते. नेव्हिल फाटकाबाहेर उभा होता. नुसता उभा नव्हता. वाकून दोन्ही हातांवर रेलला होता. आमच्याकडचे पुरुष गाडीच्या खिडकीशी रेलून आतल्या माणसाशी गप्पा मारतात, तसा. त्याच्या कोपरांखाली काहीच नव्हतं. एवढा मोठा माणूस, अंगाचा सगळा भार पुढे टाकलेला, आणि तो पडत नव्हता.

"आलीस का," तो सहज म्हणाला. "क्लेम विचारतोय, तुझं काय बिनसलंय त्याच्याशी."

ग्लेनिस गाडीतून उतरली. वास होताच.

"काही बिनसलेलं नाही," ती म्हणाली. "ऊन डोळ्यांवर होतं... दिसला नाही तो मला. त्याला अजून काय हवंय?"

"मेंढ्या हलवायच्यात म्हणतो. एक माणूस कमी पडतोय." नेव्हिलने हॅट घातली होती, पायात कामाचे बूट होते. "तासाभराचं तर काम."

तिने त्याच्या शर्टाची पाठ मुठीत धरली. मग जिथे खिडकी असायला हवी होती तिथे बघून ती बोलली. आवाज तिने चढवला नाही.

"क्लेम, आज नाही. मी याला सोडणार नाही. तुझी बेरिल दोन काटे मांडून एकटी जेवतेय, आत्ताच बघून आले मी. मला तसं जेवायचं नाहीये... समजून घे तू."

दूर कुठेतरी मेंढी ओरडली. नेव्हिल कान देऊन ऐकत होता. त्याने दोनदा मान हलवली, मग सरळ उभा राहिला आणि एक बोट वर केलं. फाटकासमोरचे खडे कुरकुरले, धूळ उठली आणि रस्त्याने खाणीच्या दिशेने गेली.

ग्लेनिस फाटकाला टेकली. नेव्हिल अजून तिच्या मुठीत होता, घामेजलेला, गरम, पंपाच्या तेलाने माखलेला.

"रागावला का?"

"छे. क्लेम कशाला रागावतोय." त्याने हॅट काढली आणि कपाळ पुसलं. "पुढच्या गुरुवारी येतो म्हणाला. आपल्या दोघांपैकी जो मोकळा असेल तो चालेल म्हणाला."

ग्लेनिस आत गेली. फ्रिजवरच्या कॅलेंडरात तिने पुढच्या गुरुवारी नेव्हिलसाठी दंतवैद्य लिहिला आणि स्वतःसाठी चर्चची साफसफाई. मग त्याच्या पुढच्या गुरुवारी काहीतरी लिहिलं, आणि त्याच्याही पुढच्या. हात दुखेपर्यंत लिहून डिसेंबरचा शेवटचा गुरुवार भरला. जानेवारीचं पान त्यात नव्हतं. नवं कॅलेंडर गावातला खाटीक गिऱ्हाइकांना नाताळच्या आठवड्यात वाटतो.