डावीकडचा मधला खिसा

अंजू राठोड घाटंजीच्या एका शाळेत खेळ शिकवायची. बेचाळीस वर्षांची, एकटी. तांड्यावर नव्यानं बांधलेल्या घरात आईसोबत राहायची. कॉलेजात असताना यवतमाळच्या एका पूल पार्लरवाल्यानं 'पोरींचं काम नाही' म्हणून तिला दारातूनच परत पाठवलं होतं. आपल्या घरात स्वतःचं टेबल असेल, हे तिनं त्याच दिवशी ठरवलं. हॉलसुद्धा तिनं त्या मापानं बांधून घेतला.

निवडायला मात्र महिना लागला. नागपूरच्या नव्या टेबलात कापडाखाली भुशाची दाबलेली फळी होती. दोन पावसाळ्यांत फुगली असती. मग राजूरला, बंद पडलेल्या एका कोळसा खाणीच्या क्लबात जुनं टेबल असल्याचं कळलं. तिनं खाली वाकून पाहिलं. अस्सल दगडी पाट, सांधे एकजीव. कडेच्या रबरावर बॉल मारला, तो सरळ परत आला. लेव्हल ठेवली, बुडबुडा मधोमध थांबला. खिशात पडलेला बॉल आतल्या लाकडी नालीतून घरंगळत टोकाच्या पेटीत येत होता.

फक्त डावीकडच्या मधल्या खिशात कापडाचा बोळा कोंबलेला होता.

"हे काहून?" तिनं विचारलं.

"तिकडचा बॉल लई उशिरा येते," क्लबचे म्हातारे रखवालदार सदाशिवराव म्हणाले. "आमी त्यात टाकतच नव्हतो, बाई."

नाली अडली असेल, असं म्हणून अंजूनं टेबल घेतलं आणि घरी हॉलमध्ये आणून बसवलं.

"तांड्यावर कोन्या बाईनं असा खेळ मांडला नाई," आई, हंसाबाई, कुरकुरली.

"मंग मी पहिली, याडी," अंजू आईला म्हणाली.

रविवारी दुपारी तिनं तो बोळा उपसून काढला आणि पिवळा बॉल त्या खिशात मारला. टक्. मग घरंगळण्याचा आवाज. तो थांबेना. उतारावरून जावा तसा खाली खाली जात बारीक झाला. टेबल जेमतेम आठ फुटांचं. अंजूनं घड्याळ पाहिलं. एक मिनिट दहा सेकंदांनी आवाज पुन्हा जवळ आला आणि बॉल पेटीत पडला. हातात घेतला तर कोमट होता. त्यावर ओली काळी भुकटी होती.

तिनं बाजूची फळी खोलून टॉर्च मारला. नाली जेमतेम चार फूट लांब, कोरडी, स्वच्छ. खाली फरशी.

"वापस धाडून दे," हंसाबाई म्हणाली. "तुले काही झालं तं?"

"एकदा दारातून वापस आलती मी. आता माह्याच घरात मले कोन थांबवते, पाहू दे."

तिनं फळी बसवली. एक ते सात नंबरचे बॉल पसरले आणि जसे जमतील तसे त्याच खिशात मारले. पाच. दोन. सात. एक. सहा. तीन. शेवटी चार.

सातही आवाज खाली गेले. बुडाले.

पंखा फिरत होता. बाहेर कोंबडी माती उकरत होती. दोन मिनिटं झाली, मग पाच. हंसाबाईनं ओढणीचं टोक दातात धरलं.

मग आवाज आला.

पहिला बॉल पेटीत पडला. एक नंबर.

थोडं थांबून, दोन.

तेवढंच थांबून, तीन.

सातपर्यंत. एकाचाही क्रम चुकला नाही.

हंसाबाईनं तिचा दंड धरला. अंजूनं तो हळूच सोडवला, खिशावर वाकली आणि स्पष्ट म्हणाली, "टेबल इथंच राहीन. मी बी."

आतून काहीतरी येत होतं. घरंगळत नव्हतं; घासत, थांबत, घासत.

पेटीत खडू येऊन थांबला. काठीच्या टोकाला लावतात तो, हिरवा. अंजूकडचे सगळे निळे होते.

खडू चौकोनी होता. त्याच्या दोन बाजूंना, चिमटीत धरावा तिथं, बोटांचे ओले ठसे होते. पंख्याखाली ते हळूहळू वाळत होते.