सहा बावन्नचा अंबादास

“आमचा सर्वांत वक्तशीर कामगार हरवलाय,” भाऊसाहेब म्हणाले. “रोज सहा बावन्नला येतो. पण दिसत नाही.”

मानेसरच्या त्या कारखान्यात मोटारींचे आरसे बनत आणि भाऊसाहेब तिथले मुख्य होते. समोर खाजगी तपासनीस वृंदा सबनीस बसली होती. एरवी ती गुडगावच्या नव्या कंपन्यांसाठी उमेदवारांचे बायोडेटा खरे आहेत का ते तपासायची. बहुतेक वेळा नसायचे. शेजारी तिचे जयंतमामा, केंद्र सरकारातून निवृत्त. छत्तीस वर्षांत त्यांनी एकही निर्णय घेतला नव्हता, त्यामुळे तब्येत उत्तम होती.

“अंबादास शेवाळे, क्रमांक ७१४,” भाऊसाहेब सांगू लागले. “कॉम्प्युटरनं त्याला जानेवारीचा वक्तशीर कामगार ठरवलं. बक्षिसाचं घड्याळ द्यायला लाईनवर गेलो, तर तो डिसेंबरपासून आलेलाच नाही. काम अडलं नाही. थोडं वाढलंच.”

“आणि आता?”

“दहा दिवस विनापरवाना गैरहजर, की नाव पटावरून कमी. नियम आहे. त्याची खोटी हजेरी लावणाराही घरी जाईल. संध्याकाळपर्यंत नाव द्या.”

“तो अदृश्य झाला असेल,” मामा म्हणाले.

“नाही मामा. दुसरा कुणीतरी दृश्य आहे.”

हजेरीची कार्डं फाटकाजवळच्या फळीवर उघडीच असत. कुणीही उचलावं, यंत्रात घालावं. वृंदानं ७१४ चं कार्ड काढलं. रोज सहा बावन्न. नऊ जानेवारीला लाईनवरच्या इतर सगळ्यांच्या कार्डांवर आठ दहा होतं, यावर मात्र सहा बावन्नच. चौदा तारीख कोरी.

अंबादासला नावानं ओळखणारी माणसं कारखान्यात तिघंच होती. बाकीच्यांसाठी तो ७१४ होता. म्हणजे त्याची हजेरी लावणारा या तिघांतलाच असणार.

पहिला श्रीरंग, लाईनवरचा त्याचा जोडीदार.

“मी कशाला पंच करू, ताई? माझंच कार्ड मी विसरतो.”

“नऊ तारखेला काय झालं होतं?”

“कंपनीची बस पंक्चर! चाक मीच बदललं. सगळी शिफ्ट सव्वा तास रस्त्यावर, आणि चाळीस जण मला सूचना देत उभे.”

“आणि चौदाला?”

“पानिपतला गेलो होतो, काला अंबच्या युद्धस्मारकाला. आम्ही मराठी मंडळी दरवर्षी जातो. यंदा रेवतीमॅडमच्या गाडीत जागा मिळाली.”

दुसरा चिराग, टाइम ऑफिसचा क्लार्क. फाटकासमोरच भाड्यानं राहायचा.

“मॅडम, चौदह को मैं सुबह छह बजे से अकेला बैठा था. आपके मराठी लोग तो लड़ाई पे गए थे ना.”

“श्रद्धांजलीला,” मामा दुखावून म्हणाले.

“वही. ढाई सौ साल बाद भी छुट्टी लेनी पड़ती है, अंकल?”

तिसरी रेवती, मनुष्यबळ विभागाची अधिकारी.

“अंबादासनं रजा मागितली होती?”

“हो. वडील आजारी होते, लातूरला. ऑर्डरची घाई होती. मी नाही म्हटलं.” तिनं टेबलावरचं पेन सरळ केलं. “चार दिवसांनी तो न विचारताच गेला. पोचला तेव्हा वडील आदल्या दिवशीच गेले होते.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“त्यानंच फोन केला. उशीर झाला, मॅडम, एवढंच म्हणाला.” पेन पुन्हा सरळ झालं.

चार वाजता सगळे भाऊसाहेबांच्या खोलीत जमले.

“श्रीरंग बसनं येतो,” वृंदा म्हणाली. “नऊ तारखेला सहा बावन्नला तो रस्त्यावर चाक बदलत होता. तो सुटला. चिराग बसनं येत नाही, पण चौदाला तो इथेच होता. हजेरी लावणारा तो असता तर त्या दिवशीही लागली असती. म्हणजे हा माणूस बसनं येत नाही आणि चौदाला पानिपतला होता.”

“मी!” मामा म्हणाले. ते खरोखरच बसनं येत नसत आणि काला अंबला गेले होते.

“मामा, तुम्ही सहा बावन्नला उठता तरी का?”

रेवती उभी राहिली. “मी केलं. पहिल्या दिवशी फक्त दहा दिवसांची मोजणी सुरू होऊ नये म्हणून. मग रोज वाटायचं, उद्या येईल. एक रजा मी नाकारली, नोकरीही मीच घालवायची?”

“त्याला कळवलंत?” वृंदानं विचारलं.

“नाही. फोन उचलला की त्याचं ते वाक्य ऐकू यायचं.”

“मी दुपारी लातूरला बोलले. तो सिमेंटच्या दुकानात पोती उचलतोय. दहा दिवस उलटले, म्हणजे आपल्याला काढलं, असं धरून बसलाय. तुम्ही त्याची नोकरी इतकी नीट सांभाळलीत, की फक्त त्यालाच कळली नाही.”

श्रीरंगनं नाक ओढलं.

“भाऊसाहेब,” मामा घसा खाकरून म्हणाले, “ती खोटी हजेरी रद्द करा आणि त्याचा तो जुना अर्ज आज मंजूर करा. मंजूर रजेवरच्या माणसाला काढता येत नाही. आमच्या खात्यात तर रजेवरच्याला बढतीसुद्धा द्यायचे.”

“अंबादासला सोमवारी बोलवा,” भाऊसाहेब रेवतीला म्हणाले. “तुमचं नंतर.”

वृंदानं नंबर लावला आणि मोबाईल रेवतीच्या हातात दिला.

“अंबादास, मी रेवती.”

पलीकडे पोतं खाली टाकल्याचा आवाज झाला.

“मॅडम, माफ करा. तुम्ही नको म्हणालात तरी गेलो. लाईन अडली असेल तुमची.”

रेवतीनं फोन दोन्ही हातांनी धरला.

“मॅडम? आहात ना? माझ्यामुळे तुम्हाला बोलणी तर नाही ना बसली?”