केसांतले हमाल

शनिवारी सकाळी अकराच्या सुमाराला रेजिनानं नीमाच्या मानेवरचे केस उचलले, बोटानं भांग पाडला, आणि भांगाच्या कडेनं काहीतरी चाललं. आतल्या खुर्चीवरचा दिवा दोन दिवसांपूर्वी गेला होता, त्यामुळं नीट दिसत नव्हतं. तिनं वाकून पाहिलं. राईच्या दाण्याच्या पावपट असेल, काळपट. त्याच्यामागून आणखी एक. मग ओळच, एका केसावरून वर, दुसऱ्या केसावरून खाली. रेजिनानं हात असा झटकला की लाकडी कंगवा समोरच्या आरशावर जाऊन आपटला.

"डोक्यात सोडून घेतलीस?" रेजिनानं विचारलं.

नीमा टांझानियाची, बेळगावात डॉक्टरकी शिकायला आलेली. मराठी तिनं मेसच्या मावशींकडून उचललं होतं, त्यामुळं बोलायची ती अस्सल बेळगावी, तिथल्या बायकाही 'येतो', 'जातो' म्हणतात तशी.

"व्हय की. दोन महिने झाले. तुम्हाला सांगणारच होतो मावशी."

"ऊठ."

"अर्धी वेणी ऱ्हायलीय न्हवं."

"ऊठ म्हणायलोय. भायेरची पाटी वाचली नाहीस?"

पाटीवर लिहिलं होतं, 'रेजिना केशसेवा. कुरळ्या केसांची निगा.' आणि खाली तांबड्या अक्षरांत, 'येथे हमाल चालत नाहीत.'

हमाल हे लोकांनी पाडलेलं नाव. डबीवर छापलेलं नाव 'तैलवाहक'. धारवाडकडच्या एका प्रयोगशाळेनं ते दोन वर्षांपूर्वी तयार केले आणि सरळ केसांच्या बायकांना त्यांचं काही अप्रूप वाटलं नाही, कारण त्यांना गरजच नव्हती. टाळूतून झिरपणारं तेल सरळ केसावरून आपोआप टोकापर्यंत उतरतं. रेजिनासारख्या, पिढ्यांमागं आफ्रिकेतून आलेल्या सिद्दी बाईच्या किंवा नीमाच्या केसाला मात्र इंचाइंचावर वळसे. तेल पहिल्या दोन वळशांतच अडतं, पुढचा सगळा केस कोरडा पडतो आणि तुटतो. असे केस वाढत नाहीत, हा लोकांचा खुळचट समज आहे. ते जवळपास सगळ्यांसारखेच महिन्याला अर्धा इंच वाढतात, पण खालून तेवढेच तुटतात म्हणून वाढ दिसत नाही. हमाल काय करायचा, तर मुळाशी तेलाचा थेंब पोटाखाली धरायचा, वळसे चढत टोकापर्यंत जायचा, तेल पुसायचा आणि परत यायचा. दिवसरात्र. खायचा तो डोक्यातला कोंडा. चावत नसे, उडत नसे, एका डोक्याचं तेल ओळखीचं झालं की दुसऱ्या डोक्यावर जगत नसे. उजेड दिसला की मुळाशी दडे.

हे सगळं रेजिनाला पाठ होतं आणि त्यातलं काहीही तिला पटत नव्हतं. तैलवाहक म्हणे. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. पाय सहा असोत की आठ, जे माणसाच्या डोक्यावर हिंडतं त्याला तिच्या गावात एकच नाव होतं, ऊ.

तिचं गाव म्हणजे हल्याळच्या रानातली सिद्द्यांची वाडी. नऊ वर्षांची असताना तिला वसतिगृहात घातलं. पहिल्याच दिवशी रेक्टरबाईंनी चिमट्यानं तिचे केस उचलून पाहिले, हात लावायचीसुद्धा किळस. एक ऊ सापडली नाही. तरी वस्तरा फिरवला. "ह्यांच्यात असतातच," बाई न्हाव्याला म्हणाल्या होत्या. पुढची तीस वर्षं रेजिना ते एक वाक्य धुऊन काढत होती. सिद्दी केस स्वच्छ असतात, लांब होतात, फक्त त्यांना खायला घाला आणि मायेनं वागवा, हे तिनं शेकडो डोक्यांवर दाखवलं होतं. रोज उकडलेलं अंडं, कुळथाचं कढण, शेवग्याचा पाला, आठवड्यातून दोनदा बांगडा. केस कोरडे असताना कंगवा लावायचा नाही. आधी बोटं, मग रुंद दात्यांचा कंगवा, आणि तोही टोकाकडून वर. निजताना डोक्याला साटिनचा रुमाल.

आणि पुरावा म्हणून भिंतीवर नातालीनचा फोटो होता. नातालीन तिची मुलगी, सतरा वर्षांची. गेल्या सव्वा वर्षात तिचे केस खांद्यावरून थेट पाठीच्या मध्यावर आले होते. प्रत्येक गिऱ्हाइकाला रेजिना तो फोटो दाखवून म्हणायची, "कुळीथ आणि सबुरी. दुसरं काय न्हाई."

नीमा अर्ध्या वेणीवर ओढणी घेऊन दारापर्यंत गेली. तिला राग आला होता, आणि रागात माणूस बोलू नये ते बोलतं.

"माझ्या केसांची एवढी किळस. नातालीनच्या केसांत रोज हात घालतासा, तेव्हा काय होत न्हाई तुम्हाला."

बोलली आणि तिनं जीभ चावली. रेजिनानं विचारायच्या आत ती जिना उतरून गेलीही.

रेजिनानं दुकान बंद केलं. घर मागच्याच गल्लीत होतं. नातालीन ओट्याशी बसून परीक्षेचं वाचत होती. रेजिना दर शनिवारी तिला दारातल्या उन्हात बसवून न्हाऊमाखू घालायची, वेणी घालायची. आज तिनं स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली आणि लेकीच्या मागं उभी राहिली.

"अंधार का केलीस मम्मी?"

"डोळे दुखायलेत. तू वाच, मोबाईलच्या उजेडात."

त्यांना वर यायला वेळ मिळावा म्हणून ती थांबली, डोळे अंधाराला सरावू दिले. मग दोन बोटांनी हलकेच केस बाजूला केले. आले. नीमाच्या डोक्यात होते त्याच्या तिप्पट, चांगले पोसलेले, तुकतुकीत. वर जाणारे आणि खाली येणारे एकमेकांना वाट देत होते. रेजिना मोरीत गेली आणि सकाळचा चहा ओकून टाकला.

सव्वा वर्ष. सव्वा वर्ष तिची बोटं ह्यांच्यातून फिरत होती. ह्याच हातांनी तिनं पीठ मळलं होतं, लेकीला घास भरवला होता, चर्चमध्ये हात जोडले होते. आणि भिंतीवरचा तो फोटो. कितीजणींना दाखवला तिनं. आता एकीला जरी कळलं तरी त्या रेक्टरबाईंचं वाक्य खरं ठरणार होतं, आणि तेही तिच्याच पोरीच्या डोक्यावर. तिला इतकी घाण वाटली की स्वतःच्या हातांची बोटं एकमेकांना लागू नयेत म्हणून ती फाकवून उभी राहिली.

लेकीला समोर बसवून विचारायला हवं होतं. तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर नातालीन भांडली असती, आणि भांडणात त्या गोष्टी डोक्यावर तशाच राहिल्या असत्या. रेजिनाला त्या आत्ता, ह्या घटकेला मेलेल्या हव्या होत्या.

फडताळात सीताफळाच्या बियांची पूड होती. वाडीवर उवांना हाच उपाय. तो कसा करायचा तेही तिला नीट ठाऊक होतं. कपाळावर कापडाची घट्ट पट्टी बांधायची, कारण ही पूड डोळ्यात गेली तर डोळा जातो. एरवी पट्टीशिवाय तिनं ती डबी उघडलीसुद्धा नसती. पण लेकीला ती मेथीचा लेप म्हणून सांगणार होती, आणि मेथी लावताना कुणी पट्टी बांधत नाही. पट्टी दिसली असती तर नातालीननं विचारलं असतं, कशाला. म्हणून तिनं बांधली नाही.

"मेथी लावतो गं. डोकं माघारी कर," ती म्हणाली.

पोरीनं पुस्तक मिटलं आणि डोळे झाकून डोकं आईच्या हातात दिलं.

वीस मिनिटांनी डोक्याखाली पातेलं ठेवून पाणी ओतलं तेव्हा हमाल सुटे सुटे पडायला लागले. आधी चिमूटभर, मग मुठीमुठीनं. पातेल्यात पाण्यावर साय धरावी तसा त्यांचा काळा थर धरला. काही अजून पाय हलवत होते. त्यांच्या पोटाखालचं तेल सुटून वर पिवळे थेंब तरंगू लागले आणि खवट, उबट वास सुटला. रेजिनानं नाकाला पदर लावला. तिला वाटलं होतं की हे पाहून बरं वाटेल. बरं वाटलं नाही.

नातालीननं वास ओळखला असावा. ती झटकन सरळ झाली, पातेल्यात पाहिलं. "काय घातलीस?" एवढंच म्हणाली आणि कपाळावरून ओघळणारं पाणी तिनं हातानं पुसलं. ते थेट डोळ्यात गेलं.

ती ओरडली, तसं रेजिनानं तिला आयुष्यात कधी ओरडताना ऐकलं नव्हतं.

नेत्रालयात डॉक्टर किणेकरांनी तासभर डोळा धुतला. मग बाहेर आले. "बुबुळावरची साल गेलीय. आठ-दहा दिवसांत भरून येईल. वेळेवर आणलंत म्हणून, नाहीतर मी काही सांगू शकलो नसतो. कशाला लावलंत?"

"उवा मारायला," रेजिना म्हणाली. ती टेबलावरच्या बाटलीतलं स्पिरिट घेऊन हात चोळत होती. कातडी लाल झाली तरी चोळत होती.

किणेकरांनी तिच्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाले, "उवा नव्हेत, हमाल. मुलीनं सांगितलंय मला. बाई, तुमच्या पापणीचा एक केस द्या." केस त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि पडदा तिच्याकडे वळवला. केसाच्या मुळाशी लांबट अंगाचे तीन जीव होते. पुढच्या बाजूला आठ आखूड पाय, ते सावकाश हलत होते.

"हे तुमचे. माझ्याही पापण्यांत आहेत. मोठ्या माणसांत जवळजवळ सगळ्यांच्याच असतात, राजाच्या आणि भिकाऱ्याच्या. धारवाडवाल्यांनी हमाल केले ते ह्यांच्याच जातीतून."

त्यांना वाटलं असेल की हे ऐकून तिला धीर येईल. रेजिनाला त्या रेक्टरबाई आठवल्या, चिमटा धरून वाकलेल्या, त्यांच्या दाट पापण्या. म्हणजे त्यांच्याही. पण ह्या हिशेबातून काही समाधान निघालं नाही. तिला फक्त आपले डोळे खाजवावेसे वाटले आणि ती हात मांडीखाली दाबून बसली.

चार दिवस नातालीननं आईच्या हातचं काही घेतलं नाही. पाचव्या दिवशी डोळ्यावरची पट्टी सुटली आणि तिनं आईच्या हातचं कढण घेतलं.

"विचारलीस का न्हाई मला?" ती म्हणाली.

"तू तरी विचारलीस काय, सोडून घेताना?"

"माझं डोकं हाय ते." तिनं कढणात चमचा फिरवला. "सांगणारच होतो. तेवढ्यात तू फोटो लावलीस भिंतीला. एवढी खूश होतीस. मग सांगवेना."

रेजिना ओटा पुसायला लागली.

"आणि तू काय खोटी न्हाईस मम्मी. वर्गातल्या दोघींनी सोडून घेतले, त्यांचे पंधरा दिवसांत मेले. टाळूला तेलच न्हाई, चिप्स खाऊन जगायल्यात त्या. धारवाडचे लोक माझं डोकं बघून म्हणाले, ह्या पोरीला कोणतरी चांगलं खायला घालायलंय."

म्हणजे इतके दिवस ती कुळीथ शिजवून त्यांनाच पोसत होती. रेजिनाला हसावं की ओकावं कळेना. तिनं वाटी उचलली आणि घासत बसली, नको तेवढा वेळ.

दोन महिन्यांत टोकं भुरकट झाली. कंगव्यात आखूड आखूड तुकडे येऊ लागले. आता नातालीन केस स्वतःच विंचरायची, आरशासमोर, कोरडेच, मुळापासून खाली ओढत. प्रत्येक ओढीला केस तुटल्याचा बारीक आवाज यायचा आणि रेजिना बाहेरच्या खोलीत दात आवळून तो ऐकायची. शनिवारची वेणी बंद झाली होती. पोर तिला डोक्याला हात लावू देत नव्हती, आणि आता तर त्यात किळस येण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. तरी हात रिकामेच होते. दुकानातला फोटो तिनं काढला नव्हता, पण कुणाला दाखवतही नव्हती. एका संध्याकाळी ती नीमाच्या खोलीवर गेली आणि दारातच म्हणाली, "राहिलेली अर्धी घालतो, ये." नीमानं ती वेणी केव्हाच सोडली होती, पण ती आली. रेजिनानं हातमोजे घालून तिचे केस विंचरले, आणि तासाभरात घामानं निथळली.

मग एका रविवारी, चर्चहून आल्यावर, नातालीननं ओट्यावर एक पांढरी डबी ठेवली. बर्फाच्या पिशवीत गुंडाळलेली. रेजिनाला ती काय आहे ते सांगावं लागलं नाही.

"गार आहेत तोवर निजलेले असतात," नातालीन म्हणाली. "तळहातावर घेतले की उबेनं जागे होतात. आणि ज्या हातावर जागे झाले त्या हाताला ओळखतात. तो हात केसांत आला की बाजूला सरकतात. दुसऱ्या हाताखाली सरकत न्हाईत, चिरडतात. मागच्या टायमाला तुझ्यापासून लपवून नीमाच्या हातावर घेतले, म्हणून दर शनिवारी तू थोडे चिरडत होतीस आणि तुला कळत नव्हतं."

"मग आता?"

"आता माझ्या हातावर घेतलो, तर ह्यापुढं मीच विंचरणार. कायमचं. मला जमत न्हाई ते तू बघायलीस न्हवं." तिनं डबीचं झाकण अर्धं सरकवलं आणि थांबली. "नाहीतर तुझा हात दे. ह्या वेळी विचारूनच करायलोय."

डबीच्या कडेतून थंड वाफ निघत होती. आत काळसर चिमूटभर काहीतरी होतं, अजून हलत नव्हतं. तिला हे कधीही आवडणार नव्हतं, आज नाही, दहा वर्षांनी नाही. तिनं लेकीकडे पाहिलं. उजव्या डोळ्यात पांढऱ्यावर अजून एक बारीक लाल रेघ होती, आणि डोक्यावर केसांची भुरकट, तुटकी टोकं.

तिनं ओट्याला टेकून उजवा हात पुढं केला, तळवा वर. डाव्या हातानं तिनं स्वतःचंच मनगट धरून ठेवलं.

"तोंड तिकडं फिरवलो तर चालतं न्हवं गं?" तिनं विचारलं.