तुमचा माइक चालू हाये, ताई

"हा बुवा तं पेशंटले बोलतं करायच्या आधी आपल्यालेच झोपवून देते!"

रत्नमाला हे फक्त आईला म्हणाली होती. निदान तिची तशी समजूत होती. पण मोबाईलच्या पडद्यावरची सगळी डोकी एकदम वर झाली, कारंजाच्या वैजयंतीमावशींनी तोंडाला पदर लावला, आणि मधल्या चौकोनातला तो चष्मेवाला माणूस बोलता बोलता थांबला.

"आसेगाववाल्या ताई," तो शांतपणे म्हणाला, "तुमचा माइक चालू हाये."

रत्नमालाने घाईघाईने बोट दाबलं. बंद झाला तो कॅमेरा. माइक चालूच राहिला. तिचं "अगं माय वं!" हेही सगळ्यांनी ऐकलं. मग तिने फोनच पालथा घातला आणि आईवर खेकसली, "तू काहून हसून राह्यली?"

आधीच तिच्या रागाला कारणं कमी नव्हती. तिचे बाबा, उकंडराव, एसटीत कंडक्टर होते. नोकरीत आणि निवृत्तीनंतरही अखंड बोलणारा माणूस. दिवाळीआधी त्यांना लकवा झाला. उजवा हात हळूहळू हलू लागला, पण वाचा गेली. उरलं ते फक्त एक वाक्य, "चला, पुढं सरका!" भूक लागली तरी तेच, पाठ दुखली तरी तेच. जन्मभर घोकलेले शब्द कधीकधी असे मागे राहतात, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनाही बाबांनी पुढं सरकायला सांगितलं. भेटायला येणारे नातेवाईक मोबाईलवर आलेले जालीम उपाय घेऊन येत. कुणी कबुतराचं रक्त चोळायला सांगे, कुणी लसणाचा काढा. रत्नमाला फार्मसी शिकलेली, शेलूबाजारच्या मेडिकलवर कामाला. तिचा जीव नुसता वैतागून जायचा. शेवटी एका दुपारी काउंटरवर बसून तिनेच शोधलं, 'लकव्यानंतर बोलता येत नाही, काय करावे'. त्यातून हा रविवारचा ऑनलाइन क्लास सापडला. लकवा झालेल्या माणसांच्या घरच्यांसाठी, घरच्यांनीच चालवलेला. अकोल्याच्या वाचाउपचाराच्या मॅडम महिन्यातून एकदा येत, एरवी हा चष्मेवाला.

घरात रेंज एकाच ठिकाणी यायची, न्हाणीजवळच्या बोरीखाली. म्हणून दर रविवारी बाबांची बाज तिथे ओढायची, फोन बादलीला टेकवायचा, आणि वरून टपटप बोरं पडत असताना शिकायचं.

संध्याकाळी फोन वाजला. अनोळखी नंबरावरून मेसेज होता.

'झोप झाली का?'

तिला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून आणखी राग आला. तिने लिहिलं, 'झाली. तुमी अजून शिकवूनच राह्यले का?'

त्याचं नाव संघदीप. रिठदचा. रिसोडला एका शाळेत विज्ञान शिकवायचा. त्याच्या आईला लकवा झाला तेव्हा हे सगळं तो इंटरनेटवरून आणि त्या मॅडमकडून शिकला होता.

"मंग आता बोलतात का त्या?" तिने फोनवर विचारलं.

"आता थांबतच नाही ना! दिवसभर मलेच बोलते."

ती मोकळेपणी हसली. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणीतरी तसं हसलं होतं. पण लगेच त्याने सगळं बिघडवलं.

"एक सांगू, ताई? राग नका मानू. तुमच्या बाबायले म्या काही विचारलं, का उत्तर तुमीच देता."

"ते बोलत नाहीत म्हणून देतो!"

"तुमी देता म्हणून ते बोलत नसन तं?"

तिने फोन कापला. हा कोण शहाणा! दिवसभर कोण राबतं, रात्री कोण उठतं... आणि हा पडद्यात बसून चुका काढणार! पण रात्रभर ते वाक्य कुसळासारखं टोचत राहिलं. गिऱ्हाइकाने अर्धं नाव घ्यायच्या आत गोळ्यांची पट्टी हातात ठेवायची, ही तिची काउंटरवरची सवय. घरीही ती तेच करत होती की काय?

सकाळी तिने चहाचा कप बाबांसमोर धरला, पण दिला नाही. "काय पाह्यजे, बाबा?"

"चला, पुढं..." बाबा थांबले. त्यांनी कपाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ओठ हलले, कपाळावरची शीर फुगली. 'चहा ना?' हे शब्द रत्नमालाच्या जिभेवर आले होते. तिने दातांनी ओठ धरून ठेवला. आई लिलाबाई चुलीपुढून ओरडली, "दे ना वं त्यायले, काहून छळून राह्यली?"

"च... चाय," बाबा म्हणाले.

तिने कप त्यांच्या ओठांना लावला. लिलाबाई तशीच उठून आली. रत्नमालाने डोळे पुसायच्याही आधी फोन लावला.

"बाबा चाय म्हणले!"

पलीकडे त्याने आधी आईला हाक मारून ते सांगितलं. मग तो म्हणाला, "ताई, आज माया घरी गोड करतो."

"आणि ते ताई म्हणणं आधी बंद करा."

"मंग काय म्हणू?"

"...नाव हाये ना मले."

"रत्नमाला," तो म्हणाला. सावकाश, प्रत्येक अक्षराला जागा देत. तिचे कान तापले. बोलायची ही संथ पद्धत तिला किती चीड आणायची!

मग बोलणं वाढत गेलं. व्यायामाचं निमित्त असे, नंतर तेही लागेनासं झालं. रेंज गेली की पडद्यावर त्याचं हसू अर्धवट गोठून राही. ती वैतागून फोन हलवत बसायची, पण कापायची नाही. लिलाबाई, जी मोबाईलला चिमटीत धरायची, तीही शिकली. बाबांचा नवा शब्द आला की स्वतःच रेकॉर्ड करून संघदीपला पाठवायची. फक्त तेवढ्यावर थांबत नव्हती. 'आज रत्नाले सर्दी झाली बापू.' 'रत्ना जेवली नाही, फुगून बसली.'

"माय, हे काय बातम्या देऊन राह्यली तू त्याले?"

"मंग काय झालं? घरचाच हाये."

आणि एका रविवारी तर कहर झाला. भर क्लासमध्ये लिलाबाईने तोंड पडद्याजवळ नेलं. "संघदीप बापू, आमच्या रत्नासाठी पाह्यजो एखांदा पोरगा. तुया पाह्यण्यात हाये का कोणी?"

सगळे चौकोन हसले. रत्नमाला बोरीच्या खोडाआड गेली, पण एक डोळा पडद्यावर होता. संघदीपने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"पाह्यतो, मावशी," तो म्हणाला, आणि त्याचा चौकोन काळा झाला.

पाह्यतो म्हणे! आठवडाभर ती धुमसत होती. त्याचा एक मेसेज नाही, फोन नाही. हिनेही केला नाही. काउंटरवर तिने सर्दीच्या माणसाला पोटाच्या गोळ्या काढून दिल्या आणि वर त्यालाच रागावली. रात्री मात्र अंधारात फोन उघडून पाही... आणि उशीखाली सारून देई. पडद्यावरच्या माणसाचा काय भरवसा? बोट दाबलं की गेला.

रविवारी क्लास वैजयंतीमावशींनी घेतला. "संघदीप सर आज नाहीत," एवढंच म्हणाल्या. रत्नमालाचं कशातच लक्ष लागलं नाही. क्लास संपला, तिने फोन बंद करून खिशात टाकला, आणि फाटकाशी मोटारसायकल थांबली.

तो पडद्यावर दिसे त्यापेक्षा उंच होता. केसांवर रस्त्याची धूळ. "जय भीम, मावशी," म्हणत तो अंगणात आला आणि बोरीखाली येऊन थबकला.

"फोन नाही करता येत?" रत्नमालाच्या तोंडून पहिलं तेच निघालं.

"केला असता तं तुमी नका येऊ म्हटलं असतं."

"आठ दिवस काय तोंड शिवलं होतं?"

"मावशीनं सगळ्यायसमोर विचारलं ना... मले त्याचं उत्तर पडद्यावरून द्याचं नव्हतं. आईले सांगितलं, तं ती म्हणे, मंग इथं काय करून राह्यला, जाय ना!" तो थांबला. शाळेत वर्गच्या वर्ग शिकवणारा माणूस चपलेच्या अंगठ्याने माती उकरू लागला. "पाह्यण्यात एक पोरगा हाये. पण... बोलाले लय सावकाश हाये तो."

रत्नमाला काही बोलणार, तोच बाजेवरून आवाज आला.

"कोण... हा?"

दोन शब्द, एकामागोमाग एक. लिलाबाईने हातातलं सूप खाली ठेवलं. बाबांची नजर संघदीपवरून फिरून लेकीवर स्थिरावली होती, आणि त्यांना उत्तर तिच्याकडूनच हवं होतं.

"बाबा, हे संघदीप," ती म्हणाली. "मले... मले आवडतात हे."

बाबांचे ओठ जुळत होते, सुटत होते. कुणीही त्यांना शब्द पुरवला नाही. त्यांनी त्या धुळीने माखलेल्या पाहुण्याला पायापासून डोक्यापर्यंत निरखलं.

"जे... जेवला?"

"नाही जी," संघदीप म्हणाला. त्याचा चष्मा धुकट झाला होता.

"रिठदहून इथलोक उपाशी आले?" रत्नमाला कडाडली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिला तेही पुसायचं सुचत नव्हतं. "एवढं ऊन, एवढा रस्ता, काही डोकंबिकं हाये का नाही तुमाले? बसा तिथं. आणि एक शब्द बोलू नका, मी भाकर टाकून आणतो!"